राग आवरायला शिकताना: जून ते जानेवारी

राग आवरायला शिकवणारे रीतसर उपचार असतात, त्यांचा एक ठरलेला क्रम असतो आणि तो साधारण सहा-आठ महिन्यांत पुरा होतो, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. ‘स्वभावाला औषध नाही’ असं म्हणत माणसं वर्षानुवर्षं घरच्यांवर डाफरत राहतात आणि मग स्वतःवर चिडत राहतात. मी हा क्रम गेल्या जूनमध्ये सुरू केला, जानेवारीत तो संपला. कोणत्या टप्प्यावर काय करायचं, पैसे किती लागतात, कुठे ताटकळावं लागतं आणि काय फसतं, हे त्याच क्रमानं लिहिते आहे.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांकडून करावी. अचानक वाढलेल्या चिडचिडीमागे थायरॉइड, मधुमेहात घसरणारी साखर, रक्तदाब, रक्तक्षय, अपुरी झोप अशी कारणं असू शकतात. रात्री मोठ्यानं घोरणारा आणि दिवसभर पेंगणारा माणूस झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासामुळेही सकाळपासून खेकसत असतो. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. स्टेरॉइड आणि फिट्सवरचं लेव्हेटिरासिटाम यांनी काही जणांची चिडचिड वाढते. पण म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. टीएसएच (थायरॉइडची), साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या खासगी लॅबमध्ये मिळून हजार ते दोन हजारांत होतात. महिन्यातल्या ठरावीक दिवसांत राग उसळत असेल तर पाळीच्या तारखाही लिहून न्या. आणि दारू किती, हा प्रश्न हमखास येतो. तिथे आकडा कमी करून सांगितला तर पुढची सगळी आखणी चुकते.

मग कोणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम ही पदविका झालेले डॉक्टर, ते औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) बहुधा एमफिल केलेले असतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, परिषदेच्या वेबसाइटवर तो पडताळता येतो. समुपदेशकांमध्ये उत्तम शिकलेले असतात, तसे दोन आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही असतात. म्हणून फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात: शिक्षण काय, रागासाठी कोणती पद्धत वापरता, आणि घरी करायचा अभ्यास देता का. घरचा अभ्यास नसेल तर दुसरीकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्यातला एक तास बोलून राग सुटत नाही.

शहरातल्या खासगी बैठकीला, म्हणजे पाऊण ते एका तासाला, हजार ते अडीच हजार रुपये पडतात. शनिवारची किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ हवी असेल तर दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. कामाच्या दिवशी दुपारची वेळ लगेच मिळते. सरकारी वाट स्वस्त आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग चालतो. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. या सगळ्या सरकारी ठिकाणी नंबर लावावा लागतो आणि सकाळ मोडते. डॉक्टर दर वेळी तेच भेटतील असं नाही, त्यामुळे केसपेपर जपून ठेवायचा आणि दर खेपेला न्यायला विसरायचं नाही. ज्यांना प्रवासच जमत नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पहिली बैठक जवळजवळ पूर्ण प्रश्नांतच जाते. राग किती वेळा येतो, किती टिकतो, कोणावर निघतो, हात उचलला जातो का, वस्तू फुटतात का, गाडी चालवताना काय होतं, लहानपणी घरात कसं वातावरण होतं, जीव द्यावासा वाटतो का. शेवटच्या प्रश्नानं दचकू नका, तो सगळ्यांनाच विचारतात. नैराश्य कित्येकदा रडण्यातून दिसत नाही, तिरसटपणातून दिसतं. सोबत एखादी प्रश्नावली भरून घेतात. त्यात आतला राग आणि बाहेर पडणारा राग वेगवेगळा मोजतात, कारण दिवस-दिवस अबोला धरणाराही रागीटच असतो. सांगितलेलं गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बंधनकारक आहे. अपवाद मुख्यतः जिवाला धोका असेल तेव्हाचा आणि न्यायालयाच्या आदेशाचा. हे आधी विचारून घेतलं की पुढे मोकळं बोलता येतं.

त्याच बैठकीत ध्येय ठरतं. ‘मला राग यायलाच नको’ हे ध्येय कोणीही चांगला तज्ज्ञ लिहू देणार नाही. राग येणारच. ध्येय डोळ्यांना दिसेल असं हवं: मुलांशी बोलताना आवाज चढवायचा नाही, वस्तू आपटायची नाही, जुनी उणीदुणी काढायची नाही, रागात असताना मेसेज पाठवायचा नाही. घरातल्या एका माणसाला ‘तुला काय बदललेलं हवंय’ असं विचारून त्याचं एक वाक्य खाली लिहायचं. दोन महिन्यांनी तेच माणूस सांगतं फरक पडला की नाही, आणि त्याचं म्हणणं आपल्या अंदाजापेक्षा खरं असतं.

जूनअखेर नोंदवही सुरू होते. साधी दोनशे पानी वही पुरते. रकाने असे: वेळ आणि जागा, काय घडलं, अंगात काय झालं, मनात काय आलं, शून्य ते दहात रागाचा आकडा, मी काय केलं, पुढे काय झालं. शेवटी झोप आणि शेवटचं खाणं किती वाजता. नमुन्यादाखल एक नोंद:

‘मंगळवार, दुपारी १.२०, स्वयंपाकघर. शाळेचा डबा उघडला, पोळी-भाजी तशीच. जबडा आवळलेला, कान गरम. मनात: पहाटे उठून केल्याची किंमत नाही, मुद्दाम करतो हा. आकडा ६. डबा ओट्यावर आपटला, “उद्यापासून उपाशी जा” म्हटलं. तो न जेवता आत गेला. पंधरा मिनिटांनी आकडा ३. झोप पाच तास, सकाळपासून फक्त चहा.’

‘काय घडलं’ या रकान्यात कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. डबा भरलेला होता, हे कॅमेऱ्याला दिसतं. ‘मुद्दाम’ हे दिसत नाही, ते मनाच्या रकान्यात जातं. सगळ्या वहीत हा एक भेद पाळला तरी अर्धं काम होतं. वही फसते ती तीन ठिकाणी. दुसऱ्या दिवशी लिहिली की तिचं आरोपपत्र होतं. फक्त मोठी भांडणं लिहिली की दोन-तीन आकड्यांच्या बारीक धुसफुशी निसटतात, आणि सहा-सातपर्यंत चढत जाणारा राग त्यांच्यातूनच वाढलेला असतो. आणि अंगाचा रकाना कोरा राहतो. तो सर्वांत मोलाचा आहे, कारण मन ‘मी शांत आहे’ म्हणत असतं तेव्हाही जबडा, मुठी आणि श्वास खरं सांगत असतात. प्रत्येकाची खूण निराळी असते. कोणाचे खांदे वर चढतात, कोणाचं बोलणं एकदम हळू आणि टोचरं होतं. चार आकड्यावरची आपली खूण सापडेपर्यंत वही सोडायची नाही, कारण पुढची सगळी साधनं चारवरच चालतात. आठवर पोचल्यावर कुठलंच चालत नाही.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की वेळेचा साचा दिसतो. बहुतेकांचा तो दुपारच्या जेवणाआधी, कामावरून घरी शिरतानाची पहिली वीस मिनिटं आणि रात्री झोपायच्या आधी असतो. इथे काही गोष्टी लगेच बदलता येतात, त्यासाठी मानसशास्त्र लागत नाही. चार वाजता मूठभर शेंगदाणे नाहीतर केळं खायचं, घरी शिरण्याआधी खाली पाच मिनिटं उभं राहायचं, पैशांचा आणि मार्कांचा विषय रात्री नऊनंतर काढायचा नाही.

जुलै आणि ऑगस्ट शरीराच्या सरावाचे. पहिला सराव श्वासाचा. नाकानं चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचा वेग उतरतो. ‘खोल श्वास घे’ म्हटलं की लोक छाती भरून जोरजोरात घेतात, मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि ‘मला हे जमत नाही’ असं वाटतं. श्वास मोठा घ्यायचा नाही, सावकाश घ्यायचा. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं.

दुसरा सराव स्नायू सैल सोडण्याचा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवला. आज शिकवतात त्या रूपात शरीराचे सोळा गट करतात: उजवी मूठ नि कोपरापर्यंतचा हात, मग दंड, मग डावीकडे तसंच, कपाळ, डोळे नि नाक, जबडा, मान, छाती-खांदे-पाठ, पोट, आणि शेवटी दोन्ही पायांच्या मांड्या, पोटऱ्या, पावलं. एक गट पाच ते सात सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून अर्धा मिनिट तिथला सैलपणा जाणवू द्यायचा. पूर्ण फेरीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आवळताना श्वास कोंडू नये, ताकदीच्या निम्मा-पाऊण जोरच लावावा. पोटऱ्या जास्त आवळल्या तर गोळा येतो. मानेचा किंवा कमरेचा त्रास असेल तर तो गट आवळायचा नाही, नुसता सैल सोडायचा. हा सराव अंथरुणात करू नये. झोप छान लागते, पण कौशल्य हाती येत नाही. खुर्चीत बसून करावा. महिन्याभरानं सोळाचे सात गट होतात, मग चार, आणि शेवटी उभ्याउभ्या खांदे नि जबडा दोन श्वासांत सोडता येतात. रांगेत किंवा सिग्नलला उपयोगी पडतं ते हे शेवटचं. पण आधीचे दोन महिने गाळून थेट तिथे पोचता येत नाही. पुरात उडी मारून कोणी पोहायला शिकत नाही, तसं रागाच्या भरात कोणी श्वास मोजायला शिकत नाही.

या काळात हमखास कोणीतरी सांगतं की उशीला ठोसे मार, मोकळ्यावर जाऊन ओरड, आत साठवू नकोस. हा सल्ला टाळा. अमेरिकेत ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅग ठोकणाऱ्यांचा राग वाढला. नुसते स्वस्थ बसलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. २०२४ मध्ये त्यांनीच सहकाऱ्यासोबत १५४ अभ्यास एकत्र तपासले. शरीराची धडधड उतरवणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, आणि यात धावणंही आलं, असं त्यातून दिसलं. व्यायाम तब्येतीसाठी जरूर करा. पण भांडण झाल्या झाल्या जिममध्ये जाणं हा रागावरचा उपाय नव्हे.

गणपतीच्या सुमाराला, म्हणजे घर माणसांनी भरायच्या आधी, बाजूला होण्याचा करार करून ठेवावा. ‘रागात असताना तिथून निघून जा’ एवढं सांगून भागत नाही. न सांगता निघून गेलं की समोरच्याला ते तोंडावर दार आपटल्यासारखंच लागतं. करार शांत वेळी, दोघांनी बसून, कागदावर करायचा. एक ठरलेलं वाक्य: ‘मला आत्ता बोलायला जमणार नाही, अर्ध्या तासानं बोलू.’ वेळ किमान वीस मिनिटं, कारण एकदा चढलेली धडधड त्याआधी पुरती उतरत नाही. नवरा-बायकोंच्या भांडणांवर संशोधन करणारे जॉन गॉटमनही किमान एवढाच वेळ सांगतात. जास्तीत जास्त एक तास. परत येऊन विषय काढायची जबाबदारी बाजूला झालेल्याची. मधल्या वेळात गाडी चालवायची नाही, प्यायचं नाही, बहिणीला फोन करून सगळं पुन्हा सांगायचं नाही, आणि मनात वाद जिंकत बसायचं नाही. पाणी प्या, भांडी घासा, जिने उतरा. दोन खोल्यांच्या घरात जागा कुठली, असं विचारतात. गॅलरी, गच्ची, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, काहीही चालतं, फक्त जागा आधी ठरलेली हवी. तान्हं मूल एकटं सोडून जायचं नाही. मूल सुरक्षित खाली ठेवून त्याच खोलीत पाठ करून श्वास मोजायचा. समोरच्यानं मागे यायचं नाही, हेही करारात लिहा, कारण सर्वांत जास्त वेळा करार मोडतो तो तिथेच.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल तर हा करार पुरेसा नाही आणि जोडीनं समुपदेशनाला बसणंही आधी करू नये. मार खाणाऱ्याची सुरक्षितता पहिली. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. मारणाऱ्यानं उपचार घ्यायचेच आहेत, पण ते त्यानं स्वतंत्र घ्यायचे.

ऑक्टोबरपासून विचारांवर काम सुरू होतं, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात यासाठी बऱ्याच ठिकाणी विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरतात. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी ती न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास मांडली, आणि कि. मो. फडके यांनी ती प्रशिक्षणांतून आणि मराठी लेखनातून आपल्याकडे रुजवली. तिचं म्हणणं असं: घटना राग पेटवत नाही, घटनेवर आपण लावलेली मागणी पेटवते. डब्याच्या नोंदीतली मागणी पूर्ण लिहिली तर अशी होते: ‘मी केलेलं त्यानं खाल्लंच पाहिजे. नाही खाल्लं तर तो माझा अपमान. आणि हे मी सहन करूच शकत नाही.’ आता एकेका वाक्याला प्रश्न. खाल्लंच पाहिजे, हा नियम कुठे आहे? डबा न खाण्याचा अपमानाशी संबंध काय, दुसरं कारण असू शकतं का? याआधी सहन केलं आहे की नाही? त्यातून नवं वाक्य घडवायचं: ‘त्यानं डबा खावा असं मला मनापासून वाटतं. परत आला तर वाईट वाटेल, अन्नही वाया जाईल. पण ते मला सोसतं, आणि का खाल्लं नाही हे विचारता येतं.’ विचारलं की बहुधा साधं उत्तर मिळतं. मधली सुट्टी दहा मिनिटांची असते, किंवा भाजीचं पाणी पोळीला लागून लगदा झालेला असतो.

नवं वाक्य गोडगोड करायचं नाही. ‘डबा परत आला तरी मी आनंदी आहे’ हे मन मानत नाही. नाराजी राहू द्यायची असते, तिचा संताप होऊ द्यायचा नसतो. दुसरी अडचण, वाक्य पटतं पण आतपर्यंत उतरत नाही. त्यासाठी रोज दहा मिनिटं डोळे मिटून तोच प्रसंग मनात आणायचा, राग सहापर्यंत चढू द्यायचा, आणि नवं वाक्य जोर देऊन म्हणत तो तीनपर्यंत उतरवायचा. हे कंटाळवाणं आहे. लोक इथेच सोडून देतात. आणि ‘मग अन्याय निमूट सोसायचा का?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो, निघायलाच हवा. सोसायचा नाही. वरिष्ठ तुमचं श्रेय लाटत असतील तर तक्रार करायचीच, पण चार आकड्यावरच्या माणसाची तक्रार टिकते आणि नऊवरच्या माणसाची त्याच्यावरच उलटते.

दिवाळीच्या आसपास, पाहुणे आणि खर्च दोन्ही तोंडावर असताना, आगाऊ तयारी शिकवतात. रेमंड नोव्हाको या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका प्रसंगाचे चार टप्पे करतात: प्रसंगाआधी, प्रसंग सुरू होताना, राग चढताना, आणि संपल्यावर. प्रत्येकासाठी स्वतःला सांगायचं एकेक वाक्य कार्डावर लिहायचं. ‘काका जमिनीचा विषय काढणार, मला वाद जिंकायचा नाही.’ ‘खांदे सोड, आधी ऐक.’ ‘जबडा आवळला, आता पाणी प्यायची वेळ.’ चौथं सगळे विसरतात: ‘आज पाचवरच थांबलं, मागच्या वेळी आठ होतं.’ शेवटचं वाक्य नसेल तर माणूस फक्त आपल्या फसलेल्या वेळा मोजत राहतो. तज्ज्ञ समोर बसून काकांची भूमिका करतात, सुरुवातीला सौम्य, मग टोचून. तेव्हा अवघडल्यासारखं होतं, तरी टाळू नका.

बोलायचं वाक्यही घोटून तयार करायचं. घटना, मला काय होतं, मला काय हवं, एवढ्या तीन तुकड्यांत. ‘डबा भरलेला परत आला की मला वाईट वाटतं. उद्या काय दिलं तर खाशील, ते आत्ता सांग.’ त्यात ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुझ्या घरचे’ हे तीन शब्द आले की वाक्य बिघडलं.

औषधाचं विचाराल, तर खास रागाची अशी गोळी नसते. नैराश्य, चिंता, व्यसन, झोपेचा त्रास असं काही निघालं तर त्यावर औषध देतात आणि राग त्यासोबत उतरतो. शांत वाटायच्या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. काही जणांचा त्यांनी उलट ताबा सुटतो, आणि दारूवर घेतल्या तर जिवाशी खेळ आहे.

बारा-पंधरा खासगी बैठकांचा हिशेब बारा हजारांपासून साडेसदतीस हजारांपर्यंत जातो. पावती प्रत्येक वेळी नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह घ्यावी. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं संरक्षण द्यायला सांगितलं आहे, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का, ते आधी बघा. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत बैठका असतात, त्या आधी वापराव्यात.

डिसेंबरात बैठका पंधरा दिवसांनी होतात, जानेवारीत महिन्यानं. या टप्प्यावर एखादं मोठं भांडण होतंच, आणि ‘सगळं पाण्यात गेलं’ असं वाटतं. गेलेलं नसतं. वहीत बघा: दोन भांडणांमधलं अंतर वाढलं आहे का, शांत व्हायला लागणारा वेळ कमी झाला आहे का. माफी त्याच दिवशी मागावी, आणि तिच्यात ‘पण’ नको. ‘मी ओरडले, ते चुकलं. पुन्हा असं झालं तर मी आधी बाजूला होईन.’ मुलांचीही अशीच मागायची, गळ्यात पडून रडायचं नाही. त्यांना मग आपल्यालाच समजवावं लागतं.

नियमित बैठका संपल्या तरी वही ठेवायची. रोज नाही, पाच आणि त्यावरचे आकडेच लिहायचे. श्वासाचा सराव सकाळचा एक पुरतो. सलग दोन आठवड्यांत सात किंवा वरचा आकडा पुन्हा पुन्हा दिसला, तर तज्ज्ञांना त्याच दिवशी फोन करा, कारण शनिवारची वेळ अजूनही दोन-तीन आठवड्यांनंतरचीच मिळते.